आठाची चाळणी

मत्रहच्या सूकमागे, दुसऱ्या गल्लीत, आमचं गोदाम.
एसी मालासाठी आहे, माणसांसाठी नाही,
हे मालक हसून सांगतात, आणि खरं तेच आहे :
उकाड्यात वेलदोड्याचा हिरवा उडतो.
माझा उडून सोळा वर्षं झाली.

मी वही लिहितो. सिबिचन चाळतो.
सहाची चाळणी, साताची, आठाची.
आठावर राहील ते मोठ्या हॉटेलांकडे,
त्याखालचं हलव्याच्या कढयांत,
अगदी तळचा चुरा आमच्या चहात.
रत्नागिरीला आई दोन वेलदोड्यांत पुरणाचा घाट उरकायची
आणि सालं साखरेच्या डब्यात टाकायची.
इथे पहिल्या दिवशी मी पोत्यात हात घातला,
कोपरापर्यंत,
आणि मला लाज वाटली.

मंगळवारी कोचीहून तेवीस पोती उतरली.
एकाच्या शिवणीत चिठ्ठी : वाण करिंपारा.
सिबिचनने ती खिशात घातली. मी विचारलं नाही.
जेवणाच्या सुट्टीत त्यानेच सांगितलं,
माशाचे काटे काढत,
शेजाऱ्याचं सांगावं तसं :
हे माझ्या अप्पाचं झाड.

अप्पा शिकलेला नव्हता. मोजणारा होता.
कातळाला टेकून एक बेट उभं होतं.
बाकीच्यांना दहा फुटवे, याला बत्तीस.
बाकीचे घोस जमिनीवर लोळून थकले,
याचे अजून फुलतच, मधमाश्या अजून येतच.
अप्पाने अंगातलं बनियन फाडलं,
खुणेची चिंधी बांधली,
आणि तीन वर्षं कुणाला बोलला नाही.
अम्मालाही नाही. तिला वाटलं,
याचं बाहेर काहीतरी आहे.
होतंच.

बी पेरून भागत नाही, सिबिचन म्हणाला.
बियातून कोण येईल सांगता येत नाही,
आजा येईल, नाहीतर कुणी परका.
बेटच फोडावं लागतं.
मुळाशी थोडी माती राहू द्यायची,
कोयत्याने वेगळं करायचं
आणि लांब नेऊन लावायचं.
बारा लावले, नऊ जगले.
नवाचे नव्वद. मग सगळा डोंगर.

नाव गावाने ठेवलं. करिंपारा, म्हणजे काळा कातळ.
मागायला आला त्याला अप्पाने फुटवा दिला.
पैसे नाही घेतले, फक्त विचारायचा,
कुठे लावणार? सावली किती आहे?
एकदा कुणी साहेब आला, फोटो काढून गेला.
त्यात झाड आहे,
आणि अप्पाचा हात आहे, कोपरापर्यंत.

आम्ही चार भाऊ, सिबिचन म्हणाला.
माती एकालाच धरली.
मी भात कालवत राहिलो.

संध्याकाळी बू सालिम आला,
पाव किलोसाठी पाऊण तास बसणारा.
एक करिंपारा त्याने दाताखाली फोडला. थांबला.
"मोठा आहे," म्हणाला.
"जुना बारीक असायचा,
पण शेजारच्या घराला कळायचं, पाहुणा आलाय."
सिबिचन चाळणी हलवत राहिला.
म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि अर्धा किलो बांधायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी घरून दल्ला घेऊन आला.
तिघांचे फिंजान, तिघांसाठी खजूर.
फिंजान हलवला की पुरे, असा इथला रिवाज.
मी दुसऱ्याला हलवला.
सिबिचनने हलवलाच नाही.
तो ओततोय, हा पितोय,
पाच, सहा, पुढे मी मोजलं नाही.
दल्ला रिकामा झाला तेव्हा
म्हातारा स्वतःच उठला.

रात्री फोन. पलीकडे अप्पा, कानाने कमी,
म्हणून इकडून सगळं ओरडून.
पैसे पोचले का, ते नाही.
कधी येणार, तेही नाही.
आठावर किती राहतं, एवढंच.
मला मल्याळम येत नाही. आकडे येतात.
"शंभरात सत्तर!" सिबिचन ओरडला.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

वहीत माझ्या अक्षरात एकसष्ट आहे.
टेबलावर ती उघडीच होती.
दिवा मालवण्याआधी
मी मिटून ठेवली.