छाट

अशोक चौकातून आत, टायरच्या दुकानामागे,
बाहेर पाटी 'व्हिडिओ गेम', आत पाच मशीन.
पडद्यावर ऐंशी घरं, आठ ओळींत दहा-दहा.
पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं,
अरे, हे तर आपलंच कार्ड.

एकतीस वर्षं मी जेकार्डची कार्डं पाडली.
पुठ्ठा, पंच, ठोका.
भोक पडलं की धागा उचलणार,
नाही पडलं की खालीच राहणार.
एका मोराला सहाशे बारा कार्डं,
आणि सहाशे तेरावं म्हणजे पुन्हा पहिलंच.
आता मोर पेनड्राइव्हमधून येतो.
मी गज्जमच्या शेजारी स्टुलावर बसतो.

गज्जम दहा घरं धरतो. नेहमीचीच.
थोरलीची जन्मतारीख, रिक्षाच्या नंबरातले आकडे,
गेलेल्या भावाचा गिरणीतला बिल्ला, आणि सतरा.
सतरा का, ते सांगत नाही.
ऐंशीतली वीस घरं मशीन पेटवतं.
दहाच्या दहा लागायची वेळ
एकोणनव्वद लाख अकरा हजार सातशे अकरात एकदा.
मी म्हटलं, सगळं सोलापूर मोज,
तान्ही पोरं, सिव्हिलमधले पेशंट, जेलमधले धरून,
नऊदा मोज, तरी थोडं कमीच पडतं.
त्यातल्या एका मोजणीतलं एक माणूस तू.
"एक तर आहे की बे," तो म्हणाला.

बरं, एकच घर धर.
चारात एकदा लागतं, रुपयाला तीन देतं.
शंभर डाव, पंचवीसदा लागलं, पंच्याहत्तर हातात.
ते पंच्याहत्तर पुन्हा लाव. छप्पन.
पुन्हा. बेचाळीस.
दहाव्या फेरीला सहाच्याही आत.
आपली चादर वीस वर्षं धुतली तरी आटत नाही,
ही नोट
नुसत्या हाताळण्यानं आटते.

हे घरी पेंटव्वाला सांगितलं.
सूप मांडीवर, तंबाखूनं पिवळी बोटं,
मान वर न करता म्हणाली, "म्हणजे छाट."
हजार विड्या नेल्या की चेकर चाळीस काढून टाकतो,
पान फाटलं, तोंड सैल,
काहीच नसलं तरी चाळीस.
"तुमच्या मशीनची छाट अडीचशे.
आणि त्यासाठी तुम्ही दाराबाहेर चपला काढून
रांगेत उभे राहता?"
मी म्हटलं, चपला काढत नाही.
ती हसली नाही. दोऱ्याचा वेढा दिला,
जुडी बाजूला ठेवली.

सतरा सकाळपासून आला नाही, आता येणारच,
असं गज्जम म्हणतो.
मी सांगतो, कार्डाला आठवण असते, ह्याला नाही.
माझं चारशेवं कार्ड
तीनशे नव्व्याण्णवला दोरीनं शिवलेलं असायचं.
ह्याचा प्रत्येक डाव सुटा,
आईबाप नसलेला.
सतरा चारात एकदा.
आत्ताही चारात एकदा.
तो सात डावांपूर्वी होता की नव्हता
हे मशीनला ठाऊकच नाही, लपवेल कुठून?

मग मी एक वेडेपणा केला.
एका संध्याकाळचे चाळीस डाव वहीत उतरवले,
रात्री माळ्यावरून पंच काढला, तेल दिलं,
डावामागे एक कार्ड, कार्डात वीस भोकं,
चाळीस शिवली,
आणि मेरगूच्या जुन्या मागावर
टॉवेलच्या पट्टीला लावली.
मोर नाही. वेल नाही. कळससुद्धा नाही.
कडक भाकरीवर तीळ उडावेत, तसं काहीतरी.
साखर पेठेतल्या दुकानदारानं उजेडाकडे धरला,
"सेकंडचा माल," म्हणाला,
अर्धी किंमत.
शंभराला पन्नास. मशीनपेक्षा वाईट.

विकला नाही. पेंटव्वा त्याला हात पुसते.
काल गज्जम आला, पाणी प्याला,
टॉवेलनं तोंड पुसता पुसता थांबला,
चष्मा कपाळावर सरकवला,
पट्टीवरून बोट फिरवत राहिला, हळू,
मुक्या माणसाची नाडी बघावी तसं.
"इथं बघ," म्हणाला.
"काय?"
"हे बघ बे, इथं, आणि इथं,
सतरा कसा येलालाय."