लांबी

कुताईसीत, रिओनीच्या पुलापलीकडे
मुर्मानचं गॅरेज. दार नाही, ताडपत्री आहे.
मी कामाला लागलो तेव्हा पहिले तीन महिने
त्याने मला हातोडीला शिवू दिलं नाही.
नुसता हात फिरवायचा पत्र्यावरून,
डोळे मिटून, तळव्याखाली जुनं सुती फडकं धरून.
"उघड्या तळव्याला आपलाच घाम कळतो," म्हणायचा,
"फडक्यातून पत्रा कळतो."

खरंच कळतो.
पोचा दिसतो त्याहून मोठा असतो.
खड्डा कुणालाही दिसेल,
पण त्याच्या कडेने उठलेला काठ,
मार बसताना पत्र्याने अंग चोरलं ती जागा,
बोटांनाच सापडते.
आधी ती बसवायची,
मग खड्डा अर्धा आपणहून वर येतो.
मागे मुठीत मावेल एवढी ऐरण,
पुढून हातोडी, हलकी, तिरकी.
जोर केलास तर पत्रा ताणतो,
आणि ताणलेला पत्रा बोट दाबलं की
डबडब बोलतो, तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा.
मग तापवायचा, टिकलीएवढा लाल,
वर ओलं फडकं.
चर्र.
लाजल्यासारखा आकसतो.

नोव्हेंबरात एतेरी आल्या,
नवऱ्याची व्होल्गा, मागून ढकलणारे दोन नातू.
शाल्वाला जाऊन चाळीस दिवस झाले होते.
वसंतात नातीचं लग्न, ती याच गाडीतून जाणार.
"पोचा एकच, डाव्या दाराला.
बाकी नुसता रंग."

मुर्मानने हात फिरवला.
दार, छप्पर, डिकी,
उजव्या मागच्या मडगार्डवर थांबला.
खिशातून चुंबक काढलं,
कुणाच्या तरी फ्रिजवरचं, द्राक्षांच्या घोसाचं,
आणि तिथे लावलं.
ते खाली पडलं.
त्याने उचललं नाही.

"जा, पाव घेऊन ये," मला म्हणाला.
पाव सकाळीच आणला होता.

परतलो तेव्हा जमिनीवर लांबीचे ढलपे,
बोटभर जाड,
आणि मडगार्डमध्ये पोचा, जसाच्या तसा,
गंजाची किनार धरून बसलेला.
आत ठोक्याची एक खूण नाही.
"कुठल्या हरामखोराचं काम हे?" मी म्हणालो.

त्याने एक ढलपा उचलला,
अंगठ्याने त्याची कड घासत राहिला.
"त्या हिवाळ्यात वीज नव्हती.
गॅस नव्हता. कशावर तापवू?
बोटं हातोडी धरेनात.
शाल्वाने आधीच मक्याचं पीठ दिलं होतं, अर्धं पोतं.
आणि ते आम्ही खायला सुरुवात केली होती."
मग जरा वेळाने,
"लांबी मात्र मी फार छान घासली होती."

दोन दिवस तो त्या मडगार्डला बसला.
मी ऐरण धरली.
तो ठोकायचा, थांबायचा, फडकं फिरवायचा,
एखाद्या ठोक्यानंतर मान हलवायचा
जणू पलीकडून कुणी भाव सांगत होतं.
शेवटी लांबी लागलीच, नखाएवढी.
प्रायमरवर काळी भुकटी उडवून घासलं,
कुठेही काळं उरलं नाही.
ट्यूबलाइटची रेघ दारापासून दिव्यापर्यंत
एकदाही न अडखळता गेली.

बिलात त्याने फक्त डावं दार लिहिलं.

एतेरींनी गाडीभोवती एक फेरी मारली,
मडगार्डपाशी वाकल्या, पदर नव्हता म्हणून
स्वेटरच्या बाहीने एक थेंब टिपला.
"इथे तो आम्हाला कुणाला जोरात पुसू द्यायचा नाही," म्हणाल्या,
"म्हणायचा, हळू. इथे मुर्मानचा हिवाळा आहे."

मुर्मान हात पुसत होता.
हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

गाडी न्यायच्या आधी मी एकदा
डोळे मिटून तिथे फडकं फिरवलं.
काही सापडलं नाही.
तरी त्या जागेवर येताना
हात माझाच, आपोआप
हळू झाला.