पाठ फिरवून

ऑस्ट्राव्हात, बंद पडलेल्या खाणीच्या क्लबात
मंगळवारी आम्ही चार टेबलं मांडतो.
एकाचा पाय आखूड, त्याखाली बिअरचे पुठ्ठे.
खिडकीबाहेर खाणीतून उपसलेल्या दगडमातीचा डोंगर,
अजून आतून धुमसणारा; त्याच्यावर बर्फ टिकत नाही.
सप्टेंबरात नवे लोक येतात
आणि मी वही उघडते: पहिली फळी, दुसरी, तिसरी, चौथी.
कुणाला कुठे घालायचं ते मात्र
व्हेंडेलिन ठरवतो.

तो टेबलाकडे बघतच नाही.
रेडिएटरला गुडघे टेकवून स्टुलावर बसतो,
पाठ आमच्याकडे.
एकतीस वर्षं जमिनीच्या पोटात
तो लोखंडी सळईने छत ठोकून बघायचा.
खणखणीत वाजलं तर पुढे चला,
बद्द वाजलं तर मागे फिरा, हत्यारं तिथेच टाकून.
मडकं घेताना टिचकी मारतात ना, तेवढंच काम,
फक्त इथे मडक्याच्या आत माणसं उभी.

आता तो चेंडू ऐकतो.

बूट महागाचे, रबर जर्मन, बॅटला मखमली पेटी,
यातलं काहीच त्याला दिसत नाही.
राडोव्हान आला तेव्हा त्याच्या फटक्यांनी
भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं,
दुसऱ्या टेबलावरचे खेळ थांबले.
"चौथी," व्हेंडेलिन म्हणाला.
"अरे, असं कसं?"
"बूट चेंडूच्या मागून वाजतात. आधी वाजायला हवेत.
आणि पाच मारल्यावर
सहाव्याला तो घरी गेलेला असतो."

पोस्टातली द्राहोमीरा,
दिवसभर जिने चढून आलेली, तिचा खेळ म्हणजे
टुक. टुक. टुक.
झाकणाखाली काहीतरी मंद शिजत असावं तसा.
मी पेन चौथीवर टेकवलंच होतं.
"दुसरी. तिचा एकेक चेंडू वेगळा वाजतोय.
समोरच्याला सगळे सारखेच वाटतायत.
थांब, आता हरेल तो."
हरला.

फसला एकदाच. हिनेकला त्याने चौथीत टाकलं,
आणि नोव्हेंबरात त्या पोराने अख्खी दुसरी फळी झोडून काढली.
व्हेंडेलिन दोन मंगळवार आलाच नाही.
तिसऱ्याला आला, टोपी न काढता म्हणाला,
"त्या दिवशी तो धाकट्या भावाशी खेळत होता होय?
सांगायचं नाही का कुणी?"

जानेवारीत पाइप गोठले, माणसं कमी आली.
वही मिटून मीच बॅट घेतली,
द्राहोमीराला म्हटलं, ये, हात मोकळा करू.
दहा मिनिटं झाली असतील.
स्टुलावरून आवाज आला:
"ही कोण नवीन?
हात जाणता आहे, चांगल्या ठिकाणी शिकलेली दिसते.
पण खांदा दुखतोय आणि ती लपवतेय,
कोपरातून भागवते. तिसरी लिही."

द्राहोमीराने चेंडू मुठीत धरला.
अकरा वर्षं मी दुसरीत आहे.
अकरा वर्षं त्याच्या पाठीमागे दर मंगळवारी हाच हात.
"नाव काय तिचं?" त्याने विचारलं.
"बोहदाना," मी म्हणाले.

तो जरा वेळ गप्प राहिला.
नखाने रेडिएटरवर ठोकलं,
एकदा, मग थोडं सरकून पुन्हा एकदा.
"कदाचित माझेच कान गेले," म्हणाला.
"मार बघू परत. नीट ऐकतो."

मी मारले. सात, आठ.
बरे मारायचा प्रयत्न केला, आणि तो प्रयत्नही
त्याला ऐकू गेला असणार.
तो काही बोलला नाही,
वळून बघितलंही नाही, ते बरं केलं.
चेंडू घरंगळत त्याच्या स्टुलाशी गेला,
त्याने वाकून उचलला, बाहीला पुसला,
न बघता मागे टाकला. माझ्या हातात.

मग मी वही उघडली,
दुसऱ्या फळीतलं एक नाव खोडलं,
तिसऱ्यात लिहिलं, राडोव्हानसाठी मोकळ्या ठेवलेल्या ओळीवर.
तो सुधारतोय म्हणे.
बूट आता आधी वाजतात.