मोडीचा भाव

एल्कोत नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
मी शटर ओढणार, तेवढ्यात मायते इरिगोयेन आत आली.
बुटांना मेंढवाड्याचा चिखल,
मुठीत पोराच्या मोज्यात गुंडाळलेलं काहीतरी.

वीस डॉलर. अठराशे एकाहत्तर.
गरुडाच्या शेपटाखाली दोन बारीक अक्षरं,
कार्सन सिटीच्या टांकसाळीची.
तीस वर्षं या धंद्यात आहे,
तरी हाताला एवढंसं कापरं भरलं.

मग दिव्याखाली धरलं.
मुकुटातून आरपार भोक.
त्यातून माझ्याच टेबलावरची पावती दिसत होती.

"कोणी पाडलं?"
"पणजोबांनी. गानिश. खिळा तापवून."

बास्क डोंगरांतून आलेला माणूस,
त्याचं बोलणं इथे फक्त कुत्र्याला कळायचं.
मालकाने दोन हंगामांची मजुरी
या एका नाण्यात चुकती केली.
बँक ऐंशी मैलांवर,
आणि तंबूतला सोबती रात्री खिसे चाचपणारा.
म्हणून त्याने म्होरक्या मेंढ्याच्या घंटेतला लोलक काढला
आणि त्या जागी हे बांधलं.

सोनं मऊ. ठणठण वाजायचं नाही,
दाराशी कोणी ओल्या हाताने थाप मारावी,
तसं.
शंभर घंटांत ती थाप त्याला वेगळी ऐकू यायची.
एका हिवाळ्यात बर्फाने आकाश-जमीन एक केली
तेव्हा तो डोळे मिटून तिच्या मागे चालत राहिला,
कोणाच्या तरी कुंपणाला गुडघा आपटेपर्यंत.

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात.
मी टोचले.
भोक नसतं तर किती, तो आकडा सांगितला.
तिने काचेतून बाहेर तिच्या पिकअपकडे पाहिलं,
एक दिवा टेपने चिकटवलेला.
आणि आता? आता मोडीचा भाव.
तीन तोळ्यांना जरा कमी,
तेही बावनकशी नव्हे, दहात एक भाग तांबं.

ह्यूस्टनचं माझं एक गिऱ्हाईक आहे.
त्याची नाणी प्लास्टिकच्या डबीत, डबी डेलावेअरच्या तिजोरीत.
तो फोनवर डबीवरचा नंबर विचारतो.
नाणं कसं दिसतं, आजवर एकदाही विचारलेलं नाही.
हात न लागलेलं हवं, एवढंच.

मायतेने नोटा दोनदा मोजल्या.
"भोक नसतं," ती म्हणाली, "तर विकायला आलं कोण असतं?"
मोजा परत मागून घेतला.
पोराचा दुसरा पाय घरी वाट बघत होता.

मोडीचं खोकं दर शुक्रवारी भट्टीकडे जातं.
गेले कितीतरी शुक्रवार मी ते भरतो, तोलतो, सील करतो,
आणि हे बाहेर राहून जातं.
हिशेबनीस बाई विचारतात, हे कुठल्या रकान्यात टाकू?
मी म्हणतो, बघू.

मायते अधूनमधून दुकानावरून जाते.
विचारत नाही.
मीही सांगत नाही.