वाफ

शनिवारी, रस्त्यावरचे दिवे अजून जळत असताना
हेस्टर प्लम्ली येते. हातमोजे काढते,
एकेक बोट.
माझ्या टेबलावर निळी मखमल,
तिच्यावर साखरेचे चिमटे, बुटांची बटणं ओढायचा आकडा,
खिशात मावेल एवढी जायफळाची किसणी,
आणि ती डबी, जिच्या जाळीखाली
सुगंधी व्हिनेगरचा बोळा ठेवून बायका
गटारांवरून चर्चपर्यंत जायच्या.

हेस्टर डोळ्याला भिंग लावते.
बर्मिंगहॅमला कुठल्याच बाजूनं समुद्र नाही,
तरी आमच्या चमच्यांच्या पाठीवर जहाजाचा नांगर.
सिंह आहे म्हणजे चांदी खरी,
नांगर आहे म्हणजे आमची.

आज तिनं चहाचा चमचा उचलला,
शिंपल्यासारखा, आखूड दांड्याचा,
चहा कुलपात ठेवायचे त्या काळातला.
दांड्यावर बोट फिरवलं. थांबलं.
"इथं पातळ झालाय."
"म्हणून तर अठरा पौंड," मी म्हणालो.

मग तोंडाशी नेऊन तिनं त्यावर वाफ सोडली,
पोरं बसच्या काचेवर सोडतात तशी.
चांदी धुरकटली, आणि त्या धुरकटीत
दोन अक्षरं वर आली:
एक वळण, एक लांब शेपूट.
वाचेपर्यंत विरली.
पुन्हा वाफ. पुन्हा तेच शेपूट.

मी थर्मासचं झाकण उगाच घट्ट करत बसलो.
एकवीस वर्षं माझं कामच ते होतं.
माणसं मेली की त्यांच्या घरांतून पेट्या यायच्या;
मालक म्हणायचा, नावं काढ,
दुसऱ्याच्या नावाचं कोण घेतं?
चाक फिरायचं. लाल पूड, पाणी,
कुणाचं बारसं, कुणाचं लग्न
गढूळ होऊन मोरीत.
आणि मला खोड होती, डावीकडे जरा जास्त दाबायची.
फोरमन त्यावरून शिव्या द्यायचा.

हा चमचा डावीकडे जास्त खोल आहे.

बोललो नाही.
"बारा द्या," एवढंच म्हणालो.
तिनं अठराच मोजले, सगळी नाणी,
आणि चमचा रुमालात गुंडाळत म्हणाली,
"वाचता येत नाही. पण आहे."

ती वळल्यावर मी एक चिमटा उचलला,
त्यावर वाफ सोडली.
काही नाही. पुन्हा सोडली.
एक तर तो कधी कुणाचा नव्हताच,
नाहीतर त्या दिवशी
माझं काम चोख झालं होतं.