रकाना चौथा

अनेरला मिळणाऱ्या त्या नाल्याला नाव नाही.
नकाशावर निळी रेघ नाही, तुटक टिंबं आहेत.
मार्चात पाणी घोट्याखाली येतं
आणि काठाची पिवळी माती
उभीच्या उभी उघडी पडते,
सुरी फिरवलेल्या खरवसासारखी.

आम्ही दोघं. मी,
चोपड्याच्या शाळेतला निवृत्त प्रयोगशाळा परिचर,
आणि केशरबाई कोळी, रोज तीनशे.
तीन चाळण्या : रव्याची, गव्हाची,
आणि वाळूच्या ठेकेदाराकडून मागून आणलेली एक.
घमेलं भरायचं, पाण्यात धरायचं, हलवायचं.
गाळ जातो.
जे जात नाही ते गोणपाटावर वाळत घालायचं.

दुपारी ओळखपरेड.

शंभरातले नव्वद चुनखडे.
चुनखडा फार लबाड,
कधी बोटाचं पेर होतो, कधी मणका.
एकदा अख्खा जबडा झाला होता,
दोन रात्री मला झोप नव्हती.
म्हणून जीभ.
तुकडा पुसायचा, जिभेच्या शेंड्याला लावायचा.
दगड निसटतो.
हाड धरून ठेवतं,
बारीक भोकांतून लाळ ओढून घेतं.
हजारो वर्षांची तहान म्हणावं
तर वाक्य फार मोठं होतं.
वहीत मी एवढंच लिहितो : चिकटलं.

वहीला चार रकाने.
तारीख. चाळणी. माप, मिलिमीटरमध्ये.
चौथा : काय?

कासवाच्या पाठीचा तुकडा कळतो,
वरच्या अंगाला सांध्याची चर असते.
उंदराचा पुढचा दात कळतो,
वाकडा, पुढून अजून तकतकीत.
शहामृगाच्या अंड्याचं कवच
कपाच्या टवक्यासारखं,
भिंगाखाली मात्र सुईने टोचल्यासारखे ठिपके.
इथे शहामृग होते म्हटल्यावर
केशरबाईने पदर तोंडाला लावला :
“एक अंडं आख्खी गल्लीले पुरतं.”

गुरुवारी गव्हाच्या चाळणीत एक काडी राहिली.
अकरा मिलिमीटर, काळसर,
एका कडेला करवतीचे दाते.
मी पुस्तकं काढली.
छबीरभाई खाटकाकडे नेली,
तो डोळे मिटून शेळीचं हाड सांगतो.
म्हणाला, हा माल माझ्या दुकानातला नाही.
धुळ्याच्या मॅडमना फोटो पाठवला,
उत्तर आलं : नीट दिसत नाही.

केशरबाईला मी विचारलंच नव्हतं.
तिने काडी उचलली, अंगठ्यावर दाबली,
हात झटकला.
“शिंगटाना काटा शे हाऊ.
दगड व्हई गया, तरी टोचस.”

तिच्या अंगठ्याच्या बुडाशी पांढरा वण आहे.
तापी, वय बारा, बापाचं जाळं,
आत अडकलेला शिंगटा मासा,
आणि तीन दिवस ताप.
तिने वण आणि काडी शेजारी धरले.
मोजपट्टी माझ्या खिशातच राहिली.

चौथ्या रकान्यात लिहिलं :
शिंगटा, छातीच्या पराचा काटा.
कुणी ओळखला, याला रकानाच नव्हता.
मग समासात, वही आडवी धरून :
केशर सुका कोळी.
ती म्हणाली, पैसे ह्याचे वेगळे का?

बाकीचे एकशे सत्तेचाळीस
बिस्किटाच्या डब्यात आहेत.
चिठ्ठी आत आहे :
हाड. कुणाचं ते माहीत नाही.
जेवताना आमटीला नाल्याची चव येते,
बायको मीठ पुढे सरकवते, मी काही बोलत नाही.

उद्या काम बंद.
गव्हाची चाळणी केशरबाईची आहे
आणि तिला गहू चाळायचे आहेत.