दिवसाआड

पहिला आठवडा बुटांवर निभावला.
बूट नवे होते, आणि घरात त्यांची किंमत
निम्मीच सांगितली होती;
एवढ्या भांडवलावर सात दिवस पळता आलं.

पहाटे साडेपाचला आमराई.
झाडांखाली रात्र अजून आवरलेली नसायची.
मी, एक निवृत्त पोस्टमास्तर,
आणि स्वतःच्या कुत्र्यामागे फरफटणारा एक दंतवैद्य.
पाच फेऱ्या. मग सात.
मग एका सोमवारी, अंगात आल्यासारखी,
थेट आयर्विन पुलापर्यंत.
खाली कृष्णा झोपल्यासारखी दिसत होती, पण जात होती.
मला वाटलं, आपल्यालाही हे जमेल.

तिसऱ्या आठवड्यात ते आलं.

दम लागणं नव्हे. दम येतो आणि जातो,
घाईतल्या पाहुण्यासारखा, चहासुद्धा न घेता.
हे मुक्कामाला आलं.
जिना चढताना मांड्यांत,
वेणी घालताना दंडांत,
आणि कुकरपाशी उभं असताना डोक्यात:
ही तिसरी शिट्टी की दुसरी?
भाजीवाल्याशी घासाघीस सोडून दिली.
तोच घाबरला. म्हणाला, ताई, बरं नाही का?

दुपारी तीन. मार्केट यार्ड.
सौदे उरकलेले, पोत्यांची तोंडं शिवून झालेली,
पंख्याखाली पिवळी धूळ सावकाश फिरत होती.
मी सेलम आणि राजापुरीचे भाव
आपापल्या रकान्यांत उतरवत होते,
आणि राजापुरीच्या अर्ध्यावर
वही उशाला आली.

जागी झाले तेव्हा भूपालअण्णा समोर उभे.
ते काही बोलले नाहीत. हमाल मात्र
तोंडावर पंचा धरून हसत होते.
आरशात पाहिलं.
नमुन्याच्या पुडीवर गाल टेकला होता.
सेहेचाळिसाव्या वर्षी
मला दुसऱ्यांदा हळद लागली,
तीही एकाच गालाला.

रात्री हे म्हणाले, सोडून दे की.
कोण लागलंय तुझ्या मागे?
कोणी नाही.
तेच तर.
जन्मात पहिल्यांदा
मागे कोणी नसताना पळत होते.

मग इलाहीचाचा.
तालमीच्या पायरीवर बसतात,
कान चुरगाळलेले, गुडघे पेन्शनीत.
रोज मला पळताना पाहायचे,
त्या दिवशी चालताना पाहिलं.
"दमलीस?"
"हो."
"रोज पळतीस?"
"रोज."
त्यांनी दार ढकललं. उंबऱ्याबाहेरूनच
आतला हौदा दाखवला, तांबडा, ओलसर,
कोणी नुकताच फणीनं विंचरल्यासारखा.
"हिच्यात काय काय हाय, म्हाईत हाय?
ताक. तेल. लिंबू. आन तुमच्या यार्डातली हळद.
माती नुसती खेळवून भागत न्हाई, बाय.
तिला पाजाय लागतंय.
आन मधनं मधनं गप पडू द्याय लागतंय."

रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन नऊ पॉइंट दोन.
डॉक्टरीणबाई कागदावरून नजर न काढता म्हणाल्या,
यात तुम्ही पुलापर्यंत गेलात?
मला उगाच अभिमान वाटला.

आता लोहाची गोळी, मुठीत गूळ-शेंगदाणे,
रात्री नऊला दिवा बंद.
मालिकेतल्या सुनेचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही.

आज पळायचं नाही.
तरी पाचला जाग आली.
बूट दाराशी, नाड्या सुटलेल्या, जिभा बाहेर.
थकवा आहे अजून, पोटऱ्यांत,
पण आता दाराशी चप्पल काढून बसलाय,
सगळ्या घरभर फिरत नाही.
पडल्या पडल्या आठवलं:
शिजवलेली हळद पंधरा पंधरा दिवस
उन्हात नुसती पडून असते,
तेव्हा कुठे मोडताना खणखणीत आवाज देते.
वीस वर्षं तिचा हिशेब लिहिला,
हा रकाना कधी घातलाच नव्हता.

उद्या पाच फेऱ्या. बहुतेक चारच.
पोस्टमास्तर विचारतील,
काल दिसला नाहीत?
सांगेन,
वाळत पडले होते.